हरलेल्यांची गोष्ट कशासाठी सांगावयाची?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘ऐतिहासिक कादंबरी आणि निराशेच्या काळातील धैर्य’ हा. असा विषय वास्तविक एखाद्या प्राध्यापकाने घ्यावयाचा. आमचा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीत गेला. वाचले ते रात्री, आणि इंग्रजी वाचले ते मांडीवर शब्दकोश घेऊन. तेव्हा साहित्यशास्त्राच्या कसोट्या आमच्याकडून कोणी अपेक्षू नयेत. परंतु या विषयातील एक प्रश्न मात्र आम्हांस पुस्तकातून मिळालेला नाही. तो एका कामगाराने तोंडावर विचारला होता, आणि त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नव्हते. आजचे व्याख्यान हा त्या उत्तराचाच प्रयत्न समजावा.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील संप मोडला. कोणता कारखाना, ते सांगण्याचे कारण नाही. असे संप पुष्कळ मोडतात. शेवटच्या संध्याकाळी फाटकासमोर सभा भरली. उद्यापासून कोणाला आत घेणार आणि कोणाला बाहेर ठेवणार, याची यादी सगळ्यांना ठाऊक झालेली होती. अशा सभेत बोलावयाचे काय? घोषणा देववत नव्हत्या. म्हणून आम्ही स्पार्टाकसची गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या गुलामांनी बंड कसे केले, बड्या बड्या सेनापतींना कसे धूळ चारले, ते सांगितले. माणसे ऐकत होती. सभा संपल्यावर एक फिटर जवळ आला आणि म्हणाला, “भाऊ, तो शेवटी जिंकला का?” आम्ही म्हणालो, “नाही.” तो म्हणाला, “मग ही गोष्ट आज आम्हांला कशाला सांगितलीत?”

तो रागाने बोलला नव्हता. त्याला खरोखरच कळून घ्यावयाचे होते. आणि आम्ही गप्प राहिलो.

आता प्रथम इतिहास पाहू. कादंबरीकडे नंतर वळू. इतिहास ठाऊक असल्याशिवाय कादंबरीकाराने काय केले ते कळत नाही.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या आणि पहिल्या शतकांत रोमचे राज्य भूमध्य समुद्राभोवती पसरत गेले, आणि प्रत्येक लढाईबरोबर गुलामांचे तांडे इटलीत येऊ लागले. डेलॉस बेटावरील बाजारात एका दिवसात दहा हजार माणसांची घेवदेव होऊ शके, असे स्ट्रेबो हा भूगोलकार लिहितो. लहान शेतकरी लढाईवर जाई, त्याची जमीन धनिकांच्या मोठ्या जमिनींत जिरून जाई, आणि त्या जमिनीवर गुलाम राबत. केटो हा रोमचा मोठा नीतिमान पुरुष म्हणून गाजलेला. त्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो मालकाला सल्ला देतो की म्हातारे बैल, मोडकी गाडी आणि निकामी अवजारे विकावीत, त्याचप्रमाणे म्हातारा गुलाम आणि आजारी गुलामही विकून टाकावा. पुढे व्हॅरोने शेतीच्या साधनांचे तीन वर्ग पाडले: मुकी अवजारे, म्हणजे गाड्या; अर्धवट आवाज काढणारी, म्हणजे बैल; आणि बोलणारी अवजारे, म्हणजे गुलाम. कामगार न्यायालयात ज्याने वर्षे काढली आहेत त्याला हे वर्गीकरण अगदीच परके वाटणार नाही.

अशा समाजात बंडे होणारच. सिसिली बेटात इ. स. पूर्व 135 ते 132 आणि पुन्हा 104 ते 100 या वर्षांत गुलामांची दोन मोठी युद्धे झाली. दोन्ही मोडली गेली. त्यानंतर इ. स. पूर्व 73 मध्ये कापुआ येथे तिसरे उठले. कापुआ हे नेपल्सच्या उत्तरेचे शहर. तेथे लेंट्युलस बॅटिएटस नावाच्या माणसाची एक तालीम होती. तालीम म्हणजे आपल्याकडील आखाडा नव्हे. तेथे गुलामांना एकमेकांचा जीव घेण्याचे शिक्षण देत, आणि उत्सवाच्या दिवशी लोकांपुढे त्यांस झुंजवत. या तालमीतून सत्तर-पंचाहत्तर माणसे निसटली. प्लुटार्क अठ्ठ्याहत्तर म्हणतो. त्यांच्या हाती शस्त्रे नव्हती. स्वयंपाकघरातील सुरे आणि मांस भाजण्याच्या सळ्या होत्या. वाटेत झुंजीच्या हत्यारांनी भरलेल्या गाड्या सापडल्या, त्या त्यांनी लुटल्या आणि ते व्हेसुव्हियस पर्वतावर चढले. त्यांनी तीन पुढारी निवडले. स्पार्टाकस थ्रेसचा, क्रिक्सस आणि ओनोमॉस हे गॉल.

रोमने प्रथम ग्लेबर नावाच्या अधिकाऱ्याला तीन हजार माणसे देऊन पाठविले. डोंगरावरून खाली येण्याची एकच वाट होती, ती त्याने रोखून धरली आणि ही माणसे उपाशी मरण्याची तो वाट पाहू लागला. परंतु डोंगरमाथ्यावर रानवेली माजल्या होत्या. बंडखोरांनी त्या तोडून दोर वळले, कड्यावरून ते खाली उतरले आणि मागून जाऊन त्यांनी छावणी उधळली. उपासमारीने संप मोडू पाहणाऱ्या मालकाची रीत तेव्हाही हीच होती. आणि वेलींचे दोर वळण्याची अक्कल वेढ्यात सापडलेल्यालाच सुचते, हेही तेव्हापासूनचेच.

त्यानंतर खेड्यापाड्यांतील गुराखी आणि शेतावरचे गुलाम हजारांनी येऊन मिळाले. इ. स. पूर्व 72 मध्ये रोमचे दोन्ही कॉन्सल त्यांच्यावर चालून गेले, आणि दोघेही हरले. अ‍ॅपियन हा इतिहासकार सांगतो की स्पार्टाकस लूट सारखी वाटून देई, आणि आपल्या छावणीत व्यापाऱ्यांना सोने-चांदी आणण्यास त्याने बंदी केली होती. लोखंड आणि पितळ मात्र तो चांगल्या भावाने घेई. ज्या माणसांस काल स्वतःची किंमत होती, म्हणजे बाजारभाव होता, त्या माणसांनी सोने हद्दपार करावे, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही विजयापेक्षा मोठी वाटते.

पुढे हे सैन्य उत्तरेस गेले. मुटिना, म्हणजे आजचे मोदेना, येथे त्यांनी तेथील सुभेदाराचा पराभव केला. आल्प्स समोर होता. तो ओलांडला की जो तो आपल्या देशी जाण्यास मोकळा. आणि येथून ते मागे फिरले. का फिरले? प्लुटार्क म्हणतो की स्पार्टाकसला घरी जावयाचे होते, पण विजयाने चढलेल्या माणसांनी ऐकले नाही. संपाच्या कमिटीत जो बसला आहे त्याला हे दृश्य ओळखीचे आहे. तडजोड करण्याची वेळ कोणती, हे पुढाऱ्याला कळते आणि सभेला पटत नाही. कधी सभेला कळते आणि पुढाऱ्याला पटत नाही.

आता मार्कस क्रॅसस आला. रोममधील सर्वांत श्रीमंत माणसांपैकी तो एक. पळालेल्या पाचशे सैनिकांच्या त्याने दहा-दहांच्या पन्नास तुकड्या केल्या, आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येक तुकडीतील एकाला ठार मारविले. शत्रूपेक्षा सेनापतीची धास्ती अधिक वाटली पाहिजे, हे त्याचे तत्त्व. त्याने बंडखोरांस इटलीच्या दक्षिण टोकाकडे रेटले. तेथे स्पार्टाकसने समुद्री चाच्यांशी करार केला की त्यांनी माणसे सिसिलीत उतरवून द्यावीत. चाच्यांनी नजराणे घेतले आणि ते निघून गेले. क्रॅससने समुद्रापासून समुद्रापर्यंत खंदक आणि तट घातला. एका हिमवर्षावाच्या रात्री तोही फोडून बंडखोर बाहेर पडले. पण इ. स. पूर्व 71 मध्ये शेवटची लढाई झालीच. लढाईपूर्वी स्पार्टाकसचा घोडा आणला गेला, तेव्हा त्याने तो आपल्या हाताने मारला. जिंकलो तर शत्रूचे पुष्कळ घोडे मिळतील, हरलो तर घोड्याची गरजच नाही, असे तो म्हणाला, अशी प्लुटार्कची हकीगत आहे. मांडीत भाला लागल्यावर तो गुडघ्यावर बसून लढला. त्याचे प्रेत सापडले नाही. जिवंत पकडलेल्या सहा हजार माणसांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसावर टांगण्यात आले. हा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरांचा. हिशेब केला तर दर तीस-पस्तीस मीटरांवर एक माणूस येतो.

हा झाला इतिहास. तो कोणी लिहिला? प्लुटार्क आणि अ‍ॅपियन यांनी. घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. दोघेही गुलाम नव्हते. गुलामांपैकी एकानेही लिहिलेली एक ओळ आज नाही. आणि जे लिहिले आहे त्यात गौरवाचेच सारे नाही. क्रिक्सस मारला गेला तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी स्पार्टाकसने तीनशे रोमन कैद्यांचा बळी दिला, असे अ‍ॅपियन लिहितो. लुटालूट आणि स्त्रियांवरील अत्याचार थांबवावयास तो धडपडला पण त्याच्या माणसांनी ऐकले नाही, असे सॅलस्टच्या उरलेल्या तुकड्यांत आहे. गुलामगिरी ही संस्थाच नष्ट करावी असे त्याच्या मनात होते, असे एकही प्राचीन लेखक सांगत नाही. नायकाची मूर्ती घडविताना हे सारे विसरणे सोपे असते. आम्ही ते विसरू इच्छीत नाही. जे खोट्याच्या पायावर उभे असते ते धैर्य पहिल्या पावसात वाहून जाते.

आता कादंबरीकडे येऊ. स्पार्टाकसवर कादंबऱ्या बऱ्याच झाल्या. 1874 मध्ये इटलीत जोव्हान्योली याने लिहिली. तो गॅरिबाल्डीबरोबर लढलेला. 1939 मध्ये आर्थर कोस्लरने लिहिली. तिचा रोख क्रांती आपल्याच हातांनी कशी बिघडते, इकडे आहे. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते हॉवर्ड फास्टच्या ‘स्पार्टाकस’विषयी, कारण ती ज्या स्थितीत लिहिली गेली ती स्थिती आजच्या विषयाला धरून आहे.

फास्टचा जन्म 1914 मध्ये न्यूयॉर्कमधील एका गरीब ज्यू कामगाराच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांचा आणि ज्याच्यावर तसा वहीम येईल त्याचा छळ सुरू झाला. स्पेनमधील निर्वासितांच्या मदतीसाठी एक समिती होती, फास्ट तिच्यात होता. कोणी कोणी पैसे दिले त्यांची नावे सांगा, असे अमेरिकन लोकसभेच्या चौकशी समितीने फर्माविले. फास्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नावे दिली नाहीत. 1950 मध्ये त्याबद्दल त्याला तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या तुरुंगात स्पार्टाकसच्या कथेने त्याच्या मनात मूळ धरले. रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्ट यांच्या जर्मन गटाने आपले नाव स्पार्टाकसवरून का घेतले, याचा विचार करता करता तो रोमपर्यंत गेला. त्या गटाचे ते दोन्ही पुढारी 15 जानेवारी 1919 रोजी बर्लिनमध्ये मारले गेले होते. म्हणजे एका पराभवातून माणूस दुसऱ्या पराभवाकडे गेला, आणि स्वतः तिसऱ्यात बसला होता.

कादंबरी पुरी झाली तेव्हा तो गाजलेला लेखक होता. तरीही एकामागून एक प्रकाशकाने ती नाकारली. अखेर 1951 मध्ये त्याने ती स्वतःच छापली, आणि हजारो प्रती वाचकांनी विकत घेतल्या. त्या वाचकांनाही काही धैर्य लागले असेलच.

या कादंबरीची मांडणी पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या एखाद्याने तालमीपासून आरंभ केला असता, विजयामागून विजय रंगविले असते, आणि शेवटी डोळ्यांना पदर लावला असता. फास्ट आरंभ करतो तो सगळे संपल्यावर. बंड मोडले आहे, रस्ता पुन्हा खुला झाला आहे, आणि रोमची तीन तरुण श्रीमंत माणसे कापुआकडे सहलीला निघाली आहेत. वाटेवर दुतर्फा क्रूस आहेत. त्यांच्याकडे पाहत, सुगंधी रुमाल नाकाला लावत, ती गप्पा मारीत जातात. स्पार्टाकस या वेळी मेलेला आहे. त्याची गोष्ट आपल्याला बरीचशी कळते ती त्याच्या शत्रूंच्या तोंडून: तालमीचा मालक सांगतो, क्रॅसस सांगतो, रोमचे मुत्सद्दी बोलतात. विजयी लोकांना झोप येत नाही. ज्याला त्यांनी मारले त्याच्याविषयी बोलण्याचे त्यांना थांबविता येत नाही.

या मांडणीमुळे एक मोठी गोष्ट घडते. “तो जिंकेल का?” हा प्रश्नच पुस्तकातून काढून टाकला जातो. आमच्या फिटरने विचारलेला प्रश्न पहिल्याच प्रकरणात निकालात निघतो: नाही, जिंकला नाही, हे पाहा क्रूस. मग वाचकाने पुढे का वाचावे? तर दुसरा प्रश्न उभा राहतो म्हणून. बोलणारी अवजारे माणसे कशी झाली, हा तो प्रश्न.

त्याचे उत्तर फास्टने एका प्रसंगात घातले आहे. तालमीत काही धनिक पाहुणे येतात आणि केवळ करमणुकीसाठी मृत्यूपर्यंतची झुंज मागतात. स्पार्टाकससमोर ड्राबा नावाचा आफ्रिकन उभा केला जातो. ड्राबा सरस आहे; तो स्पार्टाकसला मारू शकतो. तो मारीत नाही. वळतो आणि आपले हत्यार घेऊन पाहुण्यांच्या सज्जाकडे धावतो, आणि तेथेच मारला जातो. हा ड्राबा इतिहासात नाही. तो फास्टने निर्माण केला. परंतु इतिहासात एक भोक होते, ते त्याने बुजविले. सत्तर माणसे एके दिवशी सुरे घेऊन उठली, एवढेच प्लुटार्क सांगतो. त्याच्या आदल्या दिवशी काय घडले? कोणीतरी आधी नकार दिला असला पाहिजे. पहिला नकार देणारा बहुधा मरतो. दुसरा तो नकार पाहिलेला असतो. ऐतिहासिक कादंबरीचा अधिकार आमच्या मते एवढाच, आणि तो पुरेसा मोठा आहे: जेथे कागद संपतात तेथे माणसाच्या स्वभावाला धरून पुढे जावयाचे, मात्र जेथे कागद बोलतात तेथे त्यांना खोटे पाडावयाचे नाही.

येथे चित्रपटाशी तुलना करणे उपयोगी होईल. 1960 मध्ये या कादंबरीवर मोठा चित्रपट निघाला. पटकथा डाल्टन ट्रंबोची. तोही त्याच छळात 1950 मध्ये तुरुंगात गेलेला. त्याचे नाव उघडपणे पडद्यावर आले, आणि बहिष्कृतांच्या यादीचा धाक त्यामुळे ढिला झाला, ही त्या चित्रपटाची मोठी कामगिरी. त्यात हरलेल्या गुलामांना विचारतात, तुमच्यापैकी स्पार्टाकस कोण, आणि एकामागून एक जण उठून म्हणतो, मी. तो प्रसंग पाहताना आमचेही डोळे भरून आले होते. पण तो इतिहास नव्हे. आणि चित्रपटात स्पार्टाकसला क्रुसावर चढविले आहे, तेही खरे नव्हे. तो रणात पडला आणि त्याचे प्रेत त्या ढिगात ओळखूच आले नाही. आम्हांस वाटते, खरे आहे तेच अधिक अर्थपूर्ण. रोमला त्याचे प्रेत दाखविता आले नाही. ज्याला क्रुसावर टांगून जगाला दाखवावयाचे, तोच सापडला नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण त्याने झाले काय? गुलामगिरी तर पुढे शतकानुशतके चालली. हे खरे आहे, आणि या सत्याला बगल देणे आम्हांस मान्य नाही. शेवटी आपण जिंकतोच, असे सांगणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. एके काळी आम्हीही तसे सांगत होतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, कामगार गावी गेले. त्या माणसांना ‘अंती विजय आपलाच’ हे वाक्य ऐकविण्याचा धीर आम्हांस होत नाही. खुद्द फास्टलाही आपल्या पक्षाबाबत हाच अनुभव आला. स्टालिनच्या राजवटीतील अत्याचार 1956 मध्ये उघड झाले, आणि 1957 मध्ये त्याने पक्ष सोडल्याचे जाहीर केले. ज्या आशेवर त्याने तुरुंग भोगला तिच्यात खोट होती. परंतु त्या तुरुंगात सुचलेले पुस्तक मात्र खोटे ठरले नाही. कारण ते विजयाच्या हमीवर उभे नव्हतेच.

मग आशा कशावर उभी करावयाची? एक उदाहरण देतो. रोमच्या त्या रस्त्यावरील क्रूस उतरल्यास अठराशेहून अधिक वर्षे लोटली होती. 1791 मध्ये कॅरिबियन समुद्रातील सँ दोमिंग या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवरील गुलामांनी बंड केले. त्यांच्यातून तुसाँ लुव्हेर्तुर हा सेनानी पुढे आला. तो स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला. त्याला तेथील फ्रेंच गव्हर्नरानेच काळा स्पार्टाकस म्हणून गौरविले. तुसाँ फ्रान्सच्या तुरुंगात 1803 मध्ये मेला. पण 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाले. क्रॅसस पुसावयास निघाला होता ते नाव शत्रूंच्या पुस्तकांतून, सागर ओलांडून, अगदी योग्य पत्त्यावर पोचले. सहा हजारांपैकी एकालाही त्याचा उपयोग झाला नाही. ते आम्ही विसरत नाही. पण तुसाँला, एकदा असे झाले होते, हे ठाऊक होते. पहिल्याला ते ठाऊक नव्हते, दुसऱ्याला होते. फरक एवढाच, आणि तो थोडा नव्हे.

आपल्या भाषेतही हे काम झाले आहे. फास्टच्या कादंबरीनंतर आठ वर्षांनी, 1959 मध्ये, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. वाटेगावचा हा मुलगा. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत मिळेल ते काम केलेला. इंग्रजी अमलातील एका मांग वीराची ती गोष्ट. दुष्काळात माणसे मरू लागतात तेव्हा तो धान्य लुटून त्यांना जगवितो, आणि अखेर आपल्या माणसांना वाचविण्यासाठी स्वतः सरकारच्या हवाली होतो. सरकारच्या कागदांत असली माणसे गुन्हेगार म्हणून नोंदलेली असत. अण्णा भाऊंनी ती नोंद बदलली. 1961 मध्ये त्याच कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. फास्ट आणि अण्णा भाऊ यांच्या गोष्टींतील नायक हरतात, मरतात. आणि वाचणारा माणूस पुस्तक मिटताना ताठ बसलेला असतो. हे कसे होते, त्याची फोड आमच्यापेक्षा टीकाकार चांगली करतील. होते, एवढे आम्ही अनेक वाचनालयांत पाहिले आहे.

तर त्या फिटरला आज आम्ही काय सांगू? सांगू ते असे. बाबा, जिंकणाऱ्यांची गोष्ट सांगावयास जिंकणारे समर्थ आहेत. त्यांची भाडोत्री माणसे असतात. हरलेल्यांची गोष्ट कोणी सांगितली नाही, तर पुढच्या खेपेस उठणाऱ्याला वाटेल की आपण पहिलेच. आणि पहिला असण्यासारखे एकटेपण दुसरे नाही. गोष्टीने तुझी नोकरी परत मिळणार नाही. तसे म्हणणे लबाडी होईल. पण उद्या फाटकावर तुझे नाव यादीत नसेल, तेव्हा तू निकामी झालेले अवजार नाहीस, हे तुला ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी ती गोष्ट होती.

तो फिटर पुढे कोठे गेला याचा पत्ता आम्हांस लागला नाही. आज या मंडपात कोणी त्याच्यासारखा बसला असेल, तर हे उत्तर त्याच्याकडे पोचते करावे. उशिरा दिले आहे, त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागतो.